उलटी ट्रॉली

जिनिंगमागच्या पटांगणात फक्कीच्या दोन रेघा,
मधात ट्रॉलीपेक्षा वीतभर जास्त जागा.
शालू नेहारे सीटवर चढली
आणि पानठेल्याला कंठ फुटला.
“क्लचवर पाय तरी पुरते काय?”
“नवऱ्यानं घोकून घेतलं असन.”
“पोट्टी हाय, टाळ्या वाजवा लेकहो, हारली तरी.”
ही शेवटची टाळी सगळ्यांत जड.

तिने मान मागे वळवली.
ट्रॉली उलटी नेताना
उजवीकडे जायचं तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं.
पुरुषांना हे शिकवावं लागतं.

स्टॉपवॉच माझ्या हातात होतं.
एक मिनिट बारा सेकंद.
फक्की जशीच्या तशी.

मग जमीन टणक निघाली,
ट्रॅक्टर नवा निघाला,
पंच, म्हणजे मी, तिच्या मामाच्या गावचा निघालो.
मागच्या साली गजू राऊतने दोन्ही रेघा पुसल्या
तेव्हा चूक उताराची होती.

ती उतरली. अनवाणीच चालवत होती;
टायरामागच्या चपला पायात सरकवत म्हणाली,
“भाऊ, सगळ्यायचे आकडे माइकवर सांगतले.
माहा काहून नाही?”

शिट्टी अजून माझ्या तोंडातच होती.