नावाची मुदत

रात्री दीडला, चुनाभट्टीच्या खोलीत
मी नावं मोकळी करत बसते.
नव्वद दिवस जो फिरकला नाही
त्याचं नाव दुसऱ्याला द्यायचं.
नियम माझाच.

‘बोंबील’ला आज एक्क्याण्णव.
भाऊच्या धक्क्यावर बर्फ फोडायचा,
एवढंच ठाऊक. आवाज नाही, तोंडवळा नाही,
फक्त पासवर्ड विसरायची खोड.
महिन्यातून तीनदा : ताई, परत कुलूप लागलं.
मी नवा द्यायचे.
तो लिहायचा, सोपा द्या हो,
बोटं बधिर असतात.

पासवर्ड मला दिसत नाही कुणाचाच.
दिसतं ते दळून झालेलं पीठ,
त्याचे परत दाणे होत नाहीत.
त्यामुळे शेवटचा कुठला ठेवला होता त्यानं,
मुलीचं नाव, होडीचा नंबर, की काय,
मलाही कळायचं नाही.

माहुलचा एक पोरगा थांबलाय.
हेच नाव हवंय त्याला. रोज विचारतो,
झालं का मोकळं?

‘शेवटची हजेरी’च्या रकान्यात
मी आजची तारीख घालते.
नियम मोडताना बोट
एकदाच अडखळतं.

मग पोराला कळवते :
बोंबील आत्ताच येऊन गेला.
सुरमई मोकळी आहे, घेतोस?