बासष्ट

लिलावात तिच्यावर बोली लावणारी मी एकटीच.
बाकीचे भंगारासाठी आलेले,
किलोच्या हिशेबाने टायर लाथाडून बघत होते.
मी आत चढून दारामागे पाहिलं.
अजून होतं ते, ऑइलपेंटमध्ये, माझ्याच अक्षरात:
दीर्घ श्वास घ्या. रोखून धरा.

एकवीस वर्षं या गाडीत मी छात्या पाहिल्या.
गोवंडी, ट्रॉम्बे, गोदीची फाटकं,
उघडी अंगं, लोखंडाचा गार स्पर्श, पुढचा या.
आता काळोख्या खोलीत गॅसची शेगडी आहे,
फिल्म वाळवायच्या तारेवर टॉवेल,
आणि लोक हनुवटी टेकवून उभे राहायचे
तिथे माझी उशी.

इसाक पेणकर, रे रोडचा मेकॅनिक,
बॉनेटखाली कान घालून म्हणाला,
"पंप कॅलिब्रेट केलाय बाई, नोझल नवे टाकलेत.
तिसऱ्या सिलिंडरचं कम्प्रेशन जरा कमी आहे,
या वयात कुणाचं नसतं?
किती पळवायची ते मला विचारू नका.
तिला विचारा."

भाचा सुहृद म्हणतो, टर्बो बसवू,
निदान पाचव्या गिअरचा बॉक्स.
त्याच्या फोनवर लोणावळा पावणेदोन तासांवर.
माझ्या लोणावळ्याआधी वाशीचा पूल येतो
आणि पुलाला चढ आहे.

तर विचारायला निघाले, पहाटे सव्वातीनला,
हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबून.
डिझेलला ठिणगी लागत नाही, दाब पुरतो.
हे इसाककडून शिकले
की आधीच येत होतं, आठवत नाही.

ऑरेंज गेटहून फ्रीवेवर चढले.
अठ्ठेचाळीसला डब्याचं झाकण बोलायला लागलं,
त्रेपन्नला खिडकीची काच,
सत्तावन्नला दोन्ही, आणि वर तो चमचा
जो मला अजून सापडलेला नाही.

मग बासष्ट.

बासष्टला सगळे गप्प.
आत कुणीतरी म्हणालं असावं, रोखून धरा,
आणि झाकण, काच, चमचा, मी,
आम्ही धरला.
पाण्याचा काटा बरोबर मध्ये,
इंजिनचा एकच आवाज, जाड, घोंगडीसारखा.
उजवीकडे लांब रिफायनरीची ज्योत
जागची हलत नव्हती.

पण लोभ सुटतो माणसाला.
सदुसष्टला मागचं दार कुरकुरलं.
एकाहत्तरला स्टिअरिंग मनगटात शिरलं,
काटा एक घर वर. आरशात पाहिलं
तर दिव्यांच्या उजेडात माझा काळा धूर,
वरच्या बाजूला दाट, कडा विरलेल्या.
असला डाग मी झोपेतही ओळखते.
पाय उचलला.

परवा पीयूसीवाला पोरगा नळी घालून म्हणत होता,
"दाबा मावशी, अजून जोरात दाबा."
पास झाली, अगदी काठावर.
कागद देताना त्याने विचारलं, किती पळते?
ऐंशी, म्हटलं मी.
वय विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं.

वाशीच्या चढावर बासष्टचे चौपन्न झाले, मग चव्वेचाळीस.
तिसरा टाकला.
मागून एका ट्रेलरने दोनदा दिवे मारले,
त्याला जाऊ दिलं. त्याच्या पाठोपाठ आणखी एकाला.
खाली खाडीला ओहोटी, चिखलात कलती एक होडी.
श्वास सोडा, हे मी दारावर कधी लिहिलंच नव्हतं,
ते तोंडी सांगायचे, ज्याचं त्याला,
कधी एखाद्याला सांगायची विसरले
तर तो बिचारा तसाच उभा राही, डोळे मोठे करून.

उतार लागला. तिनेच चौथा मागितला.
झाकण.
काच.
चमचा.
अजून थोडं.