खांदा बदलायच्या जागा

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा, अध्यक्ष म्हणाले,
मंडळाचा इतिहास, साठ वर्षांचा,
फोटोंना जागा सोडून.

म्हणून ही वही काढली. हिरव्या कापडी पाठीची,
कोपरे उंदरांनी ठरावाविना खाल्लेले.
उद्यान मंडळ, रेल्वे कॉलनी, भुसावळ. जानेवारी चौसष्ट.
हजर सात. त्यांतले गुलाब खरोखर येणारे दोघंच,
फिलोमिनाबाई डिक्रूझ आणि पार्सल ऑफिसातले नारखेडे.
वर्गणी पंचवीस नये पैसे.
विषय पहिला, पाणी.
विषय दुसरा, पाणी.

इंजिनांच्या राखेचं खत करावं का?
एकमतानं हो.
शेवंती मेली.
पुढच्या बैठकीत एकमतानं नाही.

स्मशानाच्या वाटेवर एक्कावन्न रोपं लावली,
एकोणपन्नास शेळ्यांनी खाल्ली,
उरलेली दोन पाहून यायला समिती नेमली.
फलाटावर एकवीस कुंड्या ठेवल्या,
मे महिन्यात प्रवाशांनी त्यांत चुळा भरल्या,
अबोली त्यावरच जगली. (हे वहीत नाही, मला आठवतं.)
नगरपालिकेच्या शाळेत गवार, भेंडी;
पहिली भेंडी हेडमास्तरांच्या घरी गेली
म्हणून मुलांनी दुसरी कच्चीच खाऊन टाकली.
बहात्तरचं पान पेन्सिलीनं लिहिलंय:
प्रदर्शन रद्द. फुलं नाहीत.
एवढंच. खाली सही सुद्धा नाही.

आणि अकरा वर्षं, दर बैठकीला,
सौ. फालक यांनी कात्री परत केलेली नाही.
मग एका मार्चमध्ये:
सौ. फालक यांस श्रद्धांजली वाहण्यात आली.
कात्री मिळाली.

मी शोधत होते ते वेगळंच.
लोको शेडच्या नळापासून मंडळाच्या वाफ्यांपर्यंत
रस्त्याकडेला चार निंब आहेत.
सत्तेचाळीस अंशांत गाव त्यांच्याखाली जगतं,
इस्त्रीवाला, रिक्षा, नर्सिंगच्या मुली,
केळीची गाडी लावून झोपलेला यावलचा पोरगा.
कुणी लावले? कोणता ठराव, कोणती साल?
साठ वर्षांच्या बैठका चाळल्या. नाहीत.
अंतरं सुद्धा वेडीवाकडी,
पहिल्या दोघांत लांब, मग कमी,
शेवटचे दोन तर फांद्यांत फांद्या अडकवून.

मग खर्चाच्या पानावर, मागं, उलट्या बाजूनं:
पाणी वाहण्याचे, गफूर तडवी, रु. साडेचार.

गफूरभाई.
कावडीला दोन डालड्याचे डबे, एकाला भोक.
आम्ही पोरी वाटेत ठिकऱ्या खेळायचो.
"बाजूले व्हा व पोरींनो, सांडीन!"
आणि सांडायचंच.
नळापासून निघाला की बराच लांब जायचा,
मग थांबून खांदा बदलायचा,
मग जरा लवकर,
मग त्याहून लवकर.
चार जागा. दिवसाला आठ खेपा.

त्यानं लावले, की त्या ओल्या मातीत
कावळ्यांनी टाकलेल्या निंबोळ्या आपोआप रुजल्या,
हे आता कुणाला विचारू?
तो सभासद नव्हता. वर्गणीच्या यादीत नाही,
श्रद्धांजलीच्या पानांवर नाही.
सत्तरनंतर त्या ओळीत लिहिलंय, पाइप, रबरी, साठ फूट.

काल अध्यक्षांचा फोन. झाला का इतिहास?
हीरकमहोत्सवाची साठ रोपं आली आहेत,
इंजिनिअरनं चुन्यानं खुणा केल्या आहेत,
दर पाच मीटरला एक, दोरी लावून, सुंदर.

संध्याकाळी मी बादली भरून निघाले.
सहासष्ट वर्षांचा खांदा,
बँकेच्या भिंतीपाशीच भरून आला.
तिथं खूण नव्हती. फुटकी फरशी, थोडी माती.
बादली टेकवली. हिंदकळली.
हात बदलून पुढं गेले.

दोन पानं अजून कोरीच आहेत.
नारखेड्यांच्या नातवानं फोटो पाठवलेत:
गुलाब, गुलाब, ढाल, गुलाब.
एका फोटोच्या कडेला, अर्धा कापलेला,
डबा दिसतो. धरणारा नाही.