दोनदा उकळायच्या अळंब्या

कोत्काच्या बंदरापाशी जुनं थिएटर,
साठ खुर्च्या, त्यातल्या नऊ मोडक्या.
मी दाराशी तिकिटं फाडतो.

गुरुवारी सिनेमा होता दोन शेजारणींचा.
तू माझा उरक, मी तुझा उरकते,
असा करार, दोरीवरच्या चादरींना चिमटे लावता लावता.
विषाचा कप गेला भलत्याच्याच हाती,
पाद्री आटोपला बिचारा, केकचा घास तोंडात तसाच.
हॉल खो खो हसला.

चौथ्या रांगेत वीएनो आणि ताइमी
हसल्या नाहीत.
नवरे मधे, घोरत,
आर्मासची टोपी पायाखाली.

बाहेर मे महिन्यातला रात्री दहाचा उजेड.
ताइमी म्हणाली, यंदा त्या मेंदूसारख्या अळंब्या
लवकर उगवल्यात.
दोनदा उकळाव्या लागतात ना गं?
दोनदा. खिडकी उघडी ठेवून.
मग दोघी गप्प, बसची वाट बघत.
वीएनोनं नवऱ्याची कॉलर नीट केली,
जरा जास्तच नीट.

पुढच्या गुरुवारी
मी पावणेसातपासून रस्त्याकडे डोळे लावून.
आले. चौघंही.
आर्मासनं तर माझ्या तोंडावर ढेकर दिला.

चार तिकिटं फाडली मी,
आणि खोटं कशाला बोलू,
चौथं फाडताना
हिरमुसलोच जरा.