शेरा

फॉर्मवर पाच चांदण्या छापल्यात,
किती रंगवायच्या ते आपण ठरवायचं.
मी एकतीस वर्षं पतसंस्थांची दप्तरं तपासली,
चांदण्या कुणाला दिल्या नाहीत.
हिरव्या शाईने शेरा मारायचे, खाली सही, तारीख.
तेव्हा निखिलेश, तुझे पस्तीस हजार जाण्याआधी
चार सकाळी तिथे बसून आले, त्याचा हा शेरा.

जागा नारायण पेठेत, लग्नपत्रिकांच्या दुकानावर.
जिना अरुंद, दोरीला धरून चढायचा.
तारीख सम की विषम ते न बघता स्कूटर लावली,
पहिल्याच दिवशी टोइंगवाले घेऊन गेले.
क्लासमधला पहिला तोटा माझा. पावती जोडली आहे.

विद्यार्थी सव्वीस.
आयटीतून कमी केलेली मृण्मयी, दोन रंगांत वही लिहिणारी.
कोंढव्याचा इरफान तांबोळी, पहाटे मार्केट यार्डात
डाळिंबाच्या पेट्या उतरवून थेट आलेला, बाहीला पेंढा.
शेजारी निवृत्त फौजदार घोलप,
त्यांना प्रत्येक आलेख फरार वाटायचा.

सोमवारी लाल-हिरव्या मेणबत्त्या.
मंगळवारी हर्डीकर सरांनी फट शिकवली:
घ्यायचा भाव वेगळा, विकायचा वेगळा,
आत पाऊल टाकलं की आपण दोन पावलं मागे.
इरफान म्हणाला, "सर, आमच्यात याला अडत म्हणतात.
भाव पडो की चढो, अडत्या जेवतोच."
सगळे हसले. सरांनी स्लाइड बदलली.
(नोंद: मुद्दा बरोबर. उत्तर दिलेलं नाही.)

बुधवारी खोट्या पैशांवर सराव.
दहा लाखांचे माझे अकरा वाजेपर्यंत
अकरा लाख चाळीस हजार झाले.
तुला खरं सांगते, तळहात ओले झाले होते.
त्या दिवशी मी, बसने येणारी, रिक्षा केली
आणि वाटेत अर्धा किलो आंबा बर्फी घेतली.
बर्फी खऱ्या पैशांची होती.

उतरताना सरांना विचारलं होतं,
"तुमचं स्वतःचं मागच्या वर्षाचं खातं दाखवाल?"
"मॅडम, ते ॲडव्हान्स कोर्समध्ये."

गुरुवारी चालू बाजार दाखवणार होते.
गुरुवार म्हणजे वीज जाणारच, पेठेतल्या पोरालाही ठाऊक,
सरांना कसं नाही?
नऊ चाळीसला पंखे थांबले, पडदा काळा.
लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली.
सर टेबलावर टेकले. मार्कर उघडायचे, मिटायचे.
मग कुणी न विचारता सांगू लागले:
दोन लाख ऐंशी हजार, एका दुपारी, बाथरूमचं दार लावून, फोनवर.
बायकोला अकरा महिन्यांनी कळलं.
तेवढे दिवस रोज डबा घेऊन निघायचे,
संभाजी बागेत बाकावर बसून तो खायचे.
"भाजी कुठली होती ते आठवतं," म्हणाले,
"आकडे मात्र नंतर स्टेटमेंटवरून पाहिले."
मृण्मयीचं पेन थांबलेलं.
घोलपांनी डोळे मिटून घेतलेले, झोप नव्हती ती.
खाली छापखान्याचं यंत्रही बंद होतं,
म्हणून शेवटचं वाक्य मागच्या रांगेलाही ऐकू आलं.

मग वीज आली. पडदा उजळला.
सर ताठ झाले, आवाज पुन्हा माइकमधून:
आज नाव नोंदवणाऱ्यांना पंधरा टक्के सूट.

तर शेरा असा.
अभ्यासक्रम: पुस्तकात सापडतो, स्वस्तात.
फीची पावती: मागितल्यावर मिळाली, जीएसटी नंबर पुसट.
जमाखर्चाचा ताळा: सरांचा लागत नाही, माझा लागला.
वीज नसतानाची पंचवीस मिनिटं: फॉर्मवर रकाना नाही,
समासात पाचही चांदण्या हाताने काढून दिल्या.

पैसे भर किंवा भरू नकोस, लेखापरीक्षक सल्ला देत नाही.
फक्त तुझ्या आईला आज रात्री फोन कर,
आणि विचार, हरलास
तर तिला कितव्या दिवशी सांगितलेलं चालेल.
ती सांगेल ती तारीख मला कळव.
फॉर्म अजून दिलेला नाही.