मोड

मंगळवार पेठेत गफूरचाचांनी
बंब उलटा करून आधी काजळी झटकली,
मग छिन्नीने तोटी उडवली.
"पितळ वेगळं, तांबं वेगळं."

काठाशी ठिपक्यांनी टोचलेलं :
चि. सौ. कां. द्वारका हिस, आत्याकडून.
"नावाला वजन नसतं," म्हणाले,
तरी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

लढाईनंतर खडकीची रिकामी काडतुसं
त्यांचे वडील मणाने उचलत.
ओताऱ्यांनी त्यांच्या समया केल्या, तोट्या केल्या.
"ही त्यातलीच असेल."
देव्हाऱ्यात कुठली लढाई तेवतेय,
मूस विचारत नाही.

सात किलो दोनशे. घट वजा.
मी नोटा मोजत होतो,
आणि फरशीवर काजळीचा ढीग,
साठ वर्षांच्या आंघोळींचा.
चाचांनी तो पायानेच सारला,
जरा हळू.