दोन ते तीन

पहाटे दार वाजलं. इटो.
खांद्यावर फावडं, पातं कोरडं ठणठणीत.
"माझा तास कुठे ठेवलास, यामनाच्या पोरी?"

पाटाच्या दारावर तो बोर्ड मीच बसवला होता,
दोन बोटांएवढा. एक गोल सेल, एक छोटी मोटर.
अ‍ॅटलासच्या या घळीत नेटवर्क येत नाही;
येतात शेळ्या, आणि गुरुवारी बाजाराची गाडी.
म्हणून राबातचे सगळे नियम मी आधीच आत कोंबले:
रमजानच्या आधीच्या रविवारी एक तास मागे,
ईदनंतरच्या रविवारी एक तास पुढे,
वीस वर्षांच्या चंद्राचा अंदाज
चिमूटभर मेमरीत.
आणि पाण्याच्या पाळ्या लावल्या
घड्याळात दिसतील त्या आकड्यांवर.

काल रात्री दोन वाजले,
आणि लगेच तीन.
मधे जे नव्हतंच
त्यात इटोची पाळी होती.
दार उघडलं ते थेट बासूच्या कांद्यांना.
"जव पोटरीला आलाय," ती म्हणाली.
"त्याला काय सांगू? राबातला विचार म्हणून?"

तेव्हा मला तो आधीचा रविवार आठवला.
तीन वाजता वाजता पुन्हा दोन झाले होते.
त्या रात्री पाळी अद्दीची.
ओंजळभर पाण्यावरून जो एरवी गाव डोक्यावर घेतो,
तो अद्दी
महिनाभर अळीमिळी गुपचिळी.

मशिदीच्या भिंतीला टेकून बैठक बसली.
अद्दीने तास परत द्यावा, हे चटकन ठरलं.
कुठला तास, यावर ऊन उतरलं.
सरकारी, की जुना,
जो हम्मूच्या मनगटावर
कुठल्याच हुकमाला न जुमानता चालतो?
शेवटी म्हातारी तुदा घरात गेली
आणि तांब्याची वाटी घेऊन आली,
बुडाला सुईएवढं भोक.
हंड्यातल्या पाण्यावर अलगद सोडली.
"बुडाली की एक.
हिला रमजान कळत नाही."

त्या संध्याकाळी पाटाच्या कडेला
लॅपटॉप मांडीवर घेऊन मी सगळं खोडलं.
आता चिप फक्त सेकंद मोजते,
एका ठरलेल्या रात्रीपासून, एकापुढे एक,
मागे नाही, उडी नाही. पाळ्या त्यांच्यावर.
तास मिळवायचा तो काचेवर, दाखवण्यापुरता,
तोही एका बटणाने;
बटण मुअज्जिनच्या हाती,
कारण चंद्र दिसला की नाही
हे माझ्या कोष्टकाला काय ठाऊक.

रात्री तुदासोबत ताडून पाहिलं.
बाराव्या वाटीला
चिप आणि तांबं, अर्ध्या मिनिटाचा फरक.
चुकलं कोण?
"पाणी गार आहे," तुदा म्हणाली, "गार पाणी हळू शिरतं."
गारठ्यात माझा क्रिस्टलही रेंगाळतो,
हे मी तिला सांगितलं नाही.

इटो काचेकडे बघतच नाही.
चपला बांधावर काढून
कोरड्या पाटात उभी राहते, अंधारात.
घोट्याला गार लागलं की म्हणते,
"आला."